तोडलेल्या जंगलाच्या जागी लगेच नवी रोपे लावली, तर रेनडिअरचे काय बिघडते?

त्यांचे हिवाळ्यातले मुख्य अन्नच जाते: जुन्या जंगलातले शैवाक. आपल्या सातारी कांदा-लसूण मसाल्यात पडणारे दगडफूल हेही एक शैवाकच. स्वीडन, फिनलंडच्या पाइन जंगलात रेनडिअर खुरांनी बर्फ उकरून जमिनीवरचे शैवाक खातात. ते वर्षाला जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर वाढते. लागवडीआधी यंत्राने जमीन उलटली, की शैवाकाची ती चादर फाटते आणि पुन्हा भरायला काही दशके जातात. त्याहून वाईट वेळ येते ती बर्फावर पाऊस पडून काचेसारखा थर गोठल्यावर. मग उकरताच येत नाही. तेव्हा कळपाला तारतात ती जुन्या स्प्रूसच्या (पाइनसारखे एक सूचिपर्णी झाड) फांद्यांवरून दाढीसारखी लोंबणारी शैवाके. एकाच वयाच्या दाट लागवडीत ती फारशी धरत नाहीत, आणि नीट वाढण्याआधीच झाडे पुन्हा तोडणीला येतात. म्हणून उरलेले जुने जंगल सलग राखणे हे रोपे लावण्यापेक्षा कितीतरी निकडीचे आहे. मात्र हे जंगलात हिवाळा काढणाऱ्या कळपांना लागू. नॉर्वेच्या उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांवरचे रेनडिअर जंगलाशिवायच जगतात.