बेटावर राखणीला जाताय? आधी एवढं बघा

दादा, ठाण्याहून थेट अलिबागपुढच्या बेटावर राखणदार म्हणून जाताय, मनापासून शुभेच्छा. जमेल तुम्हाला. सुरुवातीला मोजक्याच गोष्टी सांभाळा.

सगळ्यात आधी भरती. आपल्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते: अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, सकाळी आणि रात्रीही. ओहोटीत होडी धक्क्याला लागली नाही, तर गोणी डोक्यावर घेऊन चिखल तुडवावा लागतो. तांडेलाला, म्हणजे होडीच्या मुख्य नावाड्याला, आदल्या संध्याकाळीच फोन करा.

- प्यायचं पाणी: आठवड्याचं जास्तीचं, वेगळ्या कॅनमध्ये. त्याला एरवी हात लावायचा नाही.
- वाशी मार्केटमधून कांदे-बटाटे घ्याल, ते एका गोणीत ठेवू नका. बटाट्याला कोंब येतात. डाळ-तांदूळ झाकणाच्या पिंपात, उंदीर गोणी सोडत नाहीत. काडेपेट्या घट्ट बरणीत, खाऱ्या हवेत सादळतात.

नवखे लोक पालेभाजी भारंभार नेतात आणि मीठ, गॅस, औषधं विसरतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या. नारळी पौर्णिमेपर्यंतचा किराणा मे संपायच्या आत बेटावर पोचलाच पाहिजे.

सोलर, जनरेटरचं आत्ता डोक्यात घेऊ नका. पहिला महिना काढा, मग विचारा.