जी बी दिसतंय झकास, पण उडतंय सेसनासारखं!

प्रश्न: सर, मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. फ्लाइटगिअर या फ्लाइट सिम्युलेटरसाठी १९३२ चं जी बी आर-१ हे रेसिंगचं विमान ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवलंय, दिसायला भारी झालंय, पण सिम्युलेटरमध्ये नाशिकच्या ओझर एअरपोर्टवरून उडवलं की एकदम गरीब गाय, सेसना या साध्या ट्रेनिंगच्या विमानासारखं सरळ चालतं. शिवाय जुन्या फोटोंवरून मापं काढली तर दर फोटोत वेगळीच येतात. काय करू?

उत्तर: अरे, सेसनाची फाइल कॉपी करून नाव बदललंस ना? मग ते सेसनाच उडणार, वरून कितीही लाल-पांढरा रंग मारलास तरी. सेसना १७२ ची लांबी २७ फूट आणि हे जी बी जेमतेम पावणेअठरा फूट, पंखही टोकापासून टोकापर्यंत २५ फूटच, आणि पुढे ८०० हॉर्सपॉवरच्या आसपासचं प्रॅट अँड व्हिटनी इंजिन. म्हणजे सगळं वजन पुढे गोळा झालेलं, शेपूट जवळ, पायलट तर पार शेपटीला चिकटून बसलेला. त्यामुळे जेएसबीसिमच्या (फ्लाइटगिअरमध्ये विमान कसं उडेल ते ठरवणारा भाग) एक्सएमएल फाइलमध्ये आधी इनर्शियाचे (विमान वळायला किती जड जातं त्याचे) आकडे, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी आणि शेपटीचं अंतर बदल, बाकी नंतर बघू. पायलटची नजर कुठे आहे तेही नीट बसव, जमिनीवर असताना समोर नुसतं नाकच दिसलं पाहिजे. थ्रॉटल दिल्यावर विमान डावीकडे ओढलं गेलं नाही आणि उजवा पाय दाबावा लागला नाही तर समज अजून काहीतरी चुकतंय.

मापांचं म्हणशील तर फोटो खोटं बोलत नाहीत, कॅमेऱ्याचं अंतर बोलतं. नाकाजवळ उभं राहून काढलेल्या फोटोत नाक अजून फुगतं आणि शेपूट बारीक होते. एफस्पाय नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात आधी कॅमेरा मॅच कर (फोटो कुठून, कोणत्या कोनातून काढला ते शोध), मग २५ फुटांच्या पंखावरून स्केल लाव. मासिकांतल्या थ्री-व्ह्यू ड्रॉइंगवर (वरून, बाजूने, समोरून काढलेल्या) डोळे झाकून जाऊ नकोस, एकमेकांशी पटत नाहीत बऱ्याचदा.

स्पीड तपासायला ओझर नको. ते समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६०० मीटर उंच, तिथे हवा पातळ. पायलट जिमी डूलिटलने याच आर-१ वर सप्टेंबर १९३२ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला ताशी २९६ मैलांचा रेकॉर्ड केला तो जमिनीलगत, आणि क्लीव्हलँड साधारण २४० मीटरवर आहे, तेव्हा तिथला एअरपोर्ट लोड करूनच फुल थ्रॉटल दे. ३५० गेलं तर ड्रॅग (हवेचा विरोध) कमी धरलास.

आणि हो, ‘किलर प्लेन’ म्हणतात म्हणून मुद्दाम वेडंवाकडं करू नकोस (हा मोह सगळ्यांनाच होतो). आर-१ ने १९३३ मध्ये पायलट रसेल बोर्डमनचा जीव घेतला हे खरं, पण त्याच्याच जोडीच्या आर-२ च्या, १९९१ मध्ये उडालेल्या रेप्लिकाने पायलट डेल्मार बेंजामिन वर्षानुवर्षं एअर शो करत होता, नाइफ-एजसुद्धा (पंख उभे करून आडवं उडणं). त्याचे व्हिडिओ बघून रडर (शेपटीवरचा वळवायचा पडदा) किती चालतो ते बघ, आणि फाइल जमली की पाठव, क्रॅश मी करून बघतो.