मुलाला ऑटिझम आहे. कॅनडाच्या पीआर (कायमस्वरूपी रहिवास) अर्जात त्याला ‘सोबत येणार नाही’ असं दाखवावं का?

नका दाखवू. एजंट काहीही सांगो.

तुम्ही लिहिलंय की एक्सप्रेस एंट्रीतून (कुशल कामगारांसाठीच्या पीआर योजनेतून) अर्ज करताय, मुलगा 9 वर्षांचा आहे, आणि एजंटचा सल्ला असा की आधी तुम्ही दोघं जा, मुलाला आजीआजोबांकडे ठेवा, पीआर झाला की मागून बोलवून घ्या. हा सल्ला मलाही एकाने दिला होता (आमच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे). ऐकायला व्यवहारी वाटतो, पण कॅनडाच्या कायद्यात तो चालतच नाही. मूल सोबत येवो न येवो, अर्जात त्याचं नाव लागतं आणि त्याची मेडिकलही व्हावी लागते. ते मूल आरोग्याच्या कारणाने अपात्र ठरलं, तर मागे राहिलेलं असूनही मुख्य अर्जदार अपात्र ठरतो. घटस्फोटानंतर मुलाचा ताबा दुसऱ्या पालकाकडे असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही. म्हणजे मुलाला मागे ठेवून हाती काहीच लागत नाही, फक्त ताटातूट होते.

आणि नावच लपवलं तर? खोटी माहिती दिली म्हणून 5 वर्षं बंदी येऊ शकते. शिवाय ज्या मुलाची तपासणी तुमच्या अर्जाच्या वेळी झाली नाही, त्याला पुढे फॅमिली क्लासमधून (नातेवाइकांना बोलवून घेण्याच्या मार्गाने) स्पॉन्सर करता येत नाही. 2019 मध्ये यात एक तात्पुरती सवलत आणली, पण ज्याचं नाव सांगितलं असतं तर तुमचाच अर्ज अडला असता, अशा माणसासाठी ती नाही. म्हणजे नेमकी तुमच्यासारख्यांसाठी नाही.

आता मूळ भीतीकडे येते. ‘अपंग मूल असेल तर कॅनडा घेत नाही’ हे अर्धवट खरं आहे, आणि तेही बरंचसं जुनं. निदानाच्या नावावरून अर्ज नाकारत नाहीत. त्या व्यक्तीमुळे सरकारी आरोग्यसेवा आणि समाजसेवांवर ‘अवाजवी भार’ पडेल का, हे कायदा पाहतो, आणि तो भार पैशात मोजतात. 2018 च्या जूनमध्ये या मोजणीत दोन मोठे बदल झाले. खर्चाची मर्यादा तिप्पट झाली. 2025 साठी ती वर्षाला 27,162 कॅनेडियन डॉलर होती, म्हणजे 5 वर्षांचे 1,35,810. आकडा दर वर्षी बदलतो, तेव्हा अर्जाच्या वेळचा बघा. दुसरा बदल तुमच्या कामाचा: शाळेतलं स्पेशल एज्युकेशन आणि व्यावसायिक पुनर्वसन हे खर्च हिशेबातून काढून टाकले. आधी ऑटिझम, डाऊन सिंड्रोम किंवा श्रवणदोष असलेल्या मुलांची कुटुंबं अडायची ती बहुतेक याच स्पेशल एज्युकेशनच्या आकड्यावर. 2022 मध्ये हे बदल रीतसर नियमांत आले. इंटरनेटवरची घाबरवणारी उत्तरं वाचताना आधी त्यांची तारीख बघा.

मग उरतं काय? महागडी औषधं, वारंवार हॉस्पिटल, घरी येणारी नर्स, निवासी संस्थेतली देखभाल. ज्या मुलाला ऑटिझम आहे पण फिट्स नाहीत, महागडं औषध नाही, आणि जे घरीच वाढतंय, त्याचा आकडा मर्यादेच्या आत राहण्याची शक्यता चांगली असते. हमी मी देणार नाही, कारण फाइल मी पाहिलेली नाही.

मेडिकल ठरलेल्या पॅनेल डॉक्टरकडे होते. तो निर्णय देत नाही, रिपोर्ट पाठवतो. तिकडच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला खर्च जास्त वाटला, तर थेट नकार येत नाही, आधी ‘फेअरनेस लेटर’, म्हणजे निर्णयाआधी तुमचं म्हणणं मागणारं पत्र, येतं. उत्तराला ठरावीक मुदत मिळते, मुदतवाढही मागता येते. आम्हाला ते आलं तेव्हा घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. ते नकाराचं पत्र नाही, हे वकिलाने आम्हाला दोनदा समजावून सांगितलं.

उत्तरात तीन गोष्टींवर भांडता येतं: निदान, अंदाजलेली सेवा आणि तिचा खर्च. आमच्या पत्रात मुलीला घरी नर्स लागेल असा अंदाज होता. तिच्या न्यूरॉलॉजिस्टने आणि फिजिओथेरपिस्टने लिहून दिलं की आजवर नर्स कधी लागली नाही आणि पुढे का लागणार नाही. ‘ती खूप हुशार आहे, हसरी आहे’ असलं मीही आधी पानभर लिहिलं होतं. वकिलाने ते सगळं खोडलं, आणि बरोबर केलं. याच्या मागे 2005 चा हिलेविट्झ खटला आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं की आजाराच्या नावावरून सरसकट हिशेब करायचा नाही. ही विशिष्ट व्यक्ती, या कुटुंबात, प्रत्यक्षात कोणती सेवा वापरण्याची शक्यता आहे ते बघायचं. समाजसेवांच्या बाबतीत कुटुंबाची पैसे भरण्याची ऐपत आणि तयारीही बघावी लागते. त्यासाठी खर्चाची योजना आणि सहीचं घोषणापत्र जोडतात. सरकारी हॉस्पिटलच्या खर्चाला मात्र ‘आम्ही भरू’ हे वचन चालत नाही, कारण तिथे गेल्यावर ते पाळायला तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही.

हा भाराचा नियम सगळ्यांना लागू नाही, हेही सांगून ठेवते. निर्वासितांना तो लागत नाही, आणि पीआर किंवा नागरिक असलेल्या माणसाने पती-पत्नीला किंवा स्वतःच्या अवलंबून मुलाला स्पॉन्सर केलं तर त्यांनाही नाही. आणि हे वाचणाऱ्यांत कुणाचं मूल मोठं असेल तर: अवलंबून मुलाची वयोमर्यादा 22 च्या आत आहे, पण शारीरिक किंवा मानसिक कारणाने जे 22 च्या आधीपासून आईवडिलांच्या पैशावरच अवलंबून आहे, ते त्यानंतरही अवलंबूनच धरतात.

ऑस्ट्रेलियाचं तुम्ही शेवटी विचारलंय. तिथेही घरातला एक जण मेडिकलमध्ये नापास म्हणजे साधारणपणे सगळं घर नापास. त्यांच्या अपंगत्व-भेदभावविरोधी कायद्यातून स्थलांतराचा कायदा चक्क वगळलेला आहे. जुलै 2024 मध्ये तिथली खर्चाची मर्यादा 51,000 वरून 86,000 ऑस्ट्रेलियन डॉलर झाली, ही चांगली गोष्ट. पण पॉइंट्सवर मिळणाऱ्या 189 व्हिसाला आरोग्याच्या अटीत सूट मागायची सोयच नाही. जोडीदाराच्या आणि काही इतर व्हिसांना आहे. तुमच्या जागी मी असते तर कॅनडाच धरला असता.

मेडिकलच्या आधी ही कागदपत्रं जमवा: डेव्हलपमेंटल पेडियाट्रिशियनचा ताजा रिपोर्ट, चालू औषधं आणि त्यांचा खर्च, थेरपी किती आणि कुठली, शाळेचं पत्र. रिपोर्टमध्ये ‘आयुष्यभर पूर्ण वेळ देखभाल लागेल’ असं एखादं छापील वाक्य असेल, तर ते तुमच्या मुलाला खरंच लागू आहे का, हे डॉक्टरांना विचारा. लागू नसेल तर डॉक्टरांकडूनच दुरुस्त करून घ्या. आणि एजंटऐवजी कॅनडाचा परवानाधारक वकील बघा, शक्यतो याआधी फेअरनेस लेटरची उत्तरं लिहिलेला.