हजला गेल्यावर दुआ कुठे मागावी? आईला मुलतजमपर्यंत जाता आलं नाही तर?

आईचे गुडघे दुखतात, गर्दीत काबाच्या भिंतीचा मुलतजम हा भाग गाठता आला नाही तर हज अपुरा राहील का, असं तुम्ही विचारलंय. नाही राहणार. मुलतजमला बिलगणं हजच्या फर्जात (अनिवार्य गोष्टींत) नाही आणि वाजिबातही (त्याखालोखाल आवश्यक गोष्टींत) नाही.

अम्मीला घेऊन गेलो तेव्हा मलाही हीच धास्ती होती. मुलतजम म्हणजे हजरे अस्वद (काबातला काळा दगड) आणि काबाशरीफचा दरवाजा यांमधली जेमतेम दोन मीटर भिंत. लोक तिथे छाती, गाल टेकून रडतात. आम्ही लांबूनच हात उचलले. भिंतीला अत्तर लावलेलं असतं, त्यामुळे एहराममध्ये, म्हणजे हजच्या नेमात अत्तर वर्ज्य असताना, तिथे अंग टेकणं तसंही टाळावं.

जवळच हतीम आहे, बुटक्या अर्धगोल भिंतीआडची जागा. पैगंबरसाहेबांच्या कुरैश कबिल्याने काबा नव्याने बांधला तेव्हा हलाल कमाई पुरली नाही, म्हणून काबाचाच काही भाग बाहेर राहिला. तिथे नमाज पढली की काबाच्या आत पढल्यासारखंच, हे पैगंबरसाहेबांनी आपल्या पत्नी हजरत आयेशांना सांगितलं होतं. जागा मिळाली तर सोडू नका, पण तिथेही रेटारेटी असते.

सफा-मरवाला, म्हणजे ज्या दोन टेकड्यांमध्ये फेऱ्या मारतात तिथे, ती अडचण नाही. व्हीलचेअरसाठी मधून वेगळी वाट आहे. हजरत इब्राहिम यांच्या पत्नी बीबी हाजरा तान्ह्या बाळासाठी पाणी शोधत धावल्या ती ही जागा. प्रत्येक फेरीच्या टोकाला थांबून दुआ मागायची.

पण खरी ओढ ठेवा अरफातची, मक्केबाहेरच्या त्या मैदानाची. 9 जिल्हिज (इस्लामी वर्षाचा शेवटचा महिना), दुपार ढळल्यापासून सूर्य मावळेपर्यंत. 'मी इथे थांबलो, पण सगळं अरफात थांबण्याचीच जागा आहे,' असं पैगंबरसाहेबांनी सांगून ठेवलंय. म्हणून तिथल्या जबले रहमत टेकडीवर चढायचा अट्टहास नको. हद्दीच्या आत, तंबूत बसूनही चालतं. अम्मीने थोड्या वेळाने अरबी दुआंची पुस्तिका मिटली आणि आपल्या मराठीत बोलायला लागली. शेजारच्या काकूंचं ऑपरेशन, माझ्या बहिणीचं लग्न, सगळं. दुआ आपल्या भाषेत मागता येते, हे आईला आवर्जून सांगा.

मक्केजवळच्या मिनात पहिल्या दोन जमरातना (सैतानाचं प्रतीक मानलेल्या खांबांना) खडे मारल्यावर बाजूला होऊन किब्ल्याकडे (काबाच्या दिशेला) तोंड करून दुआ मागतात. शेवटच्यानंतर थांबायचं नाही.

आणि ज्यांच्यासाठी मागायचंय त्यांची नावं घरूनच मोठ्या अक्षरांत लिहून द्या. अरफातात मन इतकं भरून येतं की अर्धी नावं आठवतच नाहीत.