जलचक्राची आकृती विद्यार्थ्यांना पाठ होते, पण समजत नाही. काय करावे?

आपण विचारले आहे की, विद्यार्थी जलचक्राची आकृती सुबक काढतात, नावेही बिनचूक देतात, मात्र जरा वेगळा प्रश्न विचारला की गप्प होतात. त्यांना ती समजावी आणि तिच्याविषयी त्यांनी स्वतः विचार करावा, यासाठी काय करता येईल? मी बरीच वर्षे भूगोल शिकवतो आहे आणि माझ्या मते खोट मुलांच्या आकलनात नसून आकृतीतल्या बाणांत आहे. बाण बहुधा सगळे सारख्याच जाडीचे असतात आणि किती पाणी, किती काळात, कशाच्या जोरावर जाते, यांपैकी काहीच सांगत नाहीत. तरीही बाण दिसला की सगळे समजले असे वाटू लागते.

म्हणून मी प्रथम प्रत्येकाला समुद्रातून निघालेल्या एका थेंबाचा प्रवास लिहायला सांगतो. जवळजवळ सर्वांचे थेंब समुद्र, ढग, डोंगर, नदी आणि पुन्हा समुद्र असेच फिरतात, कारण चित्रात तोच रस्ता ठळक असतो. त्यानंतर मी एका डब्यात दहा चिठ्ठ्या टाकतो. नऊ चिठ्ठ्यांवर ‘समुद्रावरच पाऊस’ आणि एकीवर ‘वाऱ्याबरोबर जमिनीकडे’ असे लिहिलेले असते, आणि काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकायची असते. समुद्रातून वर गेलेल्या पाण्यापैकी साधारण ९० टक्के पाणी पुन्हा समुद्रावरच पडते, म्हणून हे प्रमाण. एका मुलीला ओळीने पाच वेळा समुद्रच आला, तेव्हा तिने वैतागून विचारले, “सर, माझा थेंब जमिनीवर कधी येणारच नाही का?” त्या तासाला मला निराळे काही समजावून सांगावे लागले नाही. जमिनीवर पडलेल्या पावसापैकीही सुमारे ६० टक्के पाणी माती, जलाशय आणि झाडांच्या पानांतून हवेत परत जाते, हे सांगून मी बाणांची जाडी प्रमाणानुसार ठेवून तीच आकृती नव्याने काढायला लावतो. झाडाजवळ बाणच काढला नव्हता, हे अनेकांच्या तेव्हा लक्षात येते.

काळाचा प्रश्न त्यामानाने लवकर उरकतो. पाण्याचा रेणू हवेत सरासरी ९ दिवस राहतो, समुद्रात सुमारे ३,००० वर्षे, तर खोल भूजलात कधी हजारो वर्षे. हे आकडे आकृतीत त्या त्या जागी लिहिले की ‘चक्र’ या शब्दामुळे डोळ्यांसमोर उभे राहणारे, एका लयीत फिरणारे चाक आपोआप नाहीसे होते. (हा शब्द सोयीचा आहे, पण मला तो नेहमीच थोडा फसवा वाटत आला आहे.)

जे दिसत नाही ते मात्र प्रयोगावाचून पटत नाही. काचेच्या ग्लासात बर्फ आणि शाईने निळे केलेले पाणी घ्यावे आणि बाहेरून थेंब जमले की पांढऱ्या कागदाने टिपून घ्यावेत. प्रयोगाआधी विचारले तर पाणी काचेतून पाझरते असे सांगणारे दोन-तीन जण हमखास निघतात. कागदावर निळा डाग उमटत नाही, तेव्हा त्यांना दुसरे कारण शोधावेच लागते. हवेतली बाष्प अदृश्य असते आणि ढग म्हणजे बाष्प नसून पाण्याचे किंवा बर्फाचे सूक्ष्म कण असतात, हे इथूनच सांगावे. भूजलासाठी काचेच्या बरणीत वाळू भरून पाणी ओतावे. वाळूखाली तळे साचत नाही, पाणी कणांमधल्या पोकळ्यांत भरते आणि त्याची पातळी काचेतून दिसते.

चिंतनासाठी मी एकच प्रश्न ठेवतो: काढणाऱ्याने काय वगळले? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या ४६४ जलचक्र-आकृत्या तपासल्या गेल्या, तेव्हा जेमतेम १५ टक्के आकृत्यांत माणसाचा पाण्याशी असलेला संबंध दाखवलेला आढळला. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०२२ मध्ये आपली जुनी आकृती बदलून माणसाचा पाणीवापर दाखवणारी नवी आकृती आणली. या दोन्ही आकृत्या शेजारी ठेवून फरक शोधायला द्यावा. मात्र ‘सगळेच दाखवा’ असे सांगू नये. तसे केल्यास आकृती वाचता येत नाही. एक गोष्ट वाढवायची असेल तर कोणती, आणि तिच्यासाठी काय कमी करायचे, हे दोन-तीन वाक्यांत लिहून घ्यावे.

परीक्षेत नावे भरण्याऐवजी मी विचारतो की, समुद्राचे पाणी खारट आणि पावसाचे गोडे असते, तर या आकृतीत मिठाचा बाण कुठे काढाल? काही जण तो नदीपासून समुद्रापर्यंत काढून तिथेच थांबवतात आणि कडेला लिहितात की पुढे पाणी एकटेच वर जाते. पहिल्या दिवशीच्या आकृत्यांना मी गुण देत नाही. त्या जपून ठेवतो आणि शेवटच्या आकृतीबरोबर परत करतो.