निर्दोष सुटलो, पण बोटांचे ठसे पोलिसांकडेच

प्रश्न : 2023 मध्ये एका हाणामारीत माझं नाव गोवलं गेलं. अटक झाली, दहाही बोटांचे ठसे घेतले, समोरून आणि बाजूने फोटो काढले. गेल्या वर्षी कोर्टाने निर्दोष सोडलं. आता सरकारी नोकरीसाठी निवड झाली आहे. ही नोंद जन्मभर राहणार का? साक्षांकन नमुन्यात (पूर्वचारित्र्य पडताळणीसाठी भरायच्या अर्जात) ती लिहायलाच हवी का?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तिथे चुकलात तर नोकरी हातची जाईल. ‘कधी अटक झाली का, खटला चालला का’ असा रकाना असेल, तर सरळ ‘होय’ लिहा आणि निकालपत्राची प्रमाणित प्रत जोडा. ‘सुटलोय, मग कशाला सांगायचं’ म्हणून रकाना कोरा सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. खटल्यापेक्षा ती लपवाछपवीच त्यांना भोवली. अर्थात, खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार खात्याला राहतो. अवतार सिंग प्रकरणात (2016) सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं आहे. म्हणून निकालाची शेवटची पानं नीट वाचा. पुरावाच नव्हता म्हणून सुटलात, की साक्षीदार फितूर झाले आणि संशयाचा फायदा मिळाला? खातं नेमकं तेच बघतं.

आता ठसे. 2022 च्या ओळखविषयक कायद्याप्रमाणे ठसे, फोटो वगैरे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे 75 वर्षं राहू शकतात. पण त्याच कायद्याचं कलम 4 तुमच्या बाजूचं आहे. पूर्वी कारावासाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नसेल आणि अपिलाचे सगळे मार्ग संपून सुटका कायम झाली असेल, तर कोर्टाने कारणं नोंदवून वेगळा आदेश दिला नसल्यास ती नोंद नष्ट व्हायलाच हवी. मात्र मागितल्याशिवाय कागद हलत नाही. राज्याने याच कामासाठी नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे निकालाची प्रत जोडून अर्ज करा आणि पोच घ्या. तुमची नोंद दुसऱ्या गुन्ह्याशी जोडलेली नाही, याची खातरजमा करून तो नोंद विभागाला शिफारस करतो. दाद मिळाली नाही, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जाता येईल. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या पुट्टास्वामी निकालानंतर कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

खोटी आशा मात्र दाखवणार नाही. हे संरक्षण ठसे-फोटोंपुरतं आहे. एफआयआर आणि निकालपत्र त्याने पुसलं जात नाही.

अर्जाआधी सरकारने किंवा फिर्यादीने अपील केलं आहे का, ते तुमच्या वकिलांकडून तपासून घ्या. अपील चालू असेल, तर नष्ट करण्याची मागणी आज टिकणार नाही.