घरच्या घरी ब्राचं बरोबर माप कसं घ्यायचं? ३६ घालते, पण खांद्यावर वळ उठतात

वळ उठतात हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण तसले वळ मी अकरा वर्षं वागवलेत. आणि मी ब्लाऊज शिवते. कुडाळजवळच्या आमच्या गावात अर्ध्या वाडीची मापं माझ्या वहीत आहेत, छाती कंबर मुंढा टक्स सगळं, फक्त माझं स्वतःचं ब्राचं माप त्यात कधी नव्हतं.

आमच्याकडे पद्धत अशी की चतुर्थीच्या आधी थोरल्या जाऊबाई बाजारात जाणार आणि आम्हा तिघी जावांना एकाच नंबरच्या आणणार, ३८ बी. काउंटरवर पुरुष, त्याला नंबर तोंडाने कसा सांगायचा म्हणून जुन्या ब्राचं लेबल हळूच दाखवायच्या आणि पुडकं पिशवीत टाकून परत. मी एकदा म्हटलं, वैनी, मला मागून वर चढते ही, तर म्हणाल्या, "माका येता तां तुका येतला, पट्टे आवळ." आवळले पट्टे. तरवा (भाताची रोपं) लावायला वाकलं की मागची पट्टी मानेकडे आणि पुढचं सगळं खाली, वर पावसात तेच ओलं कापड दिवसभर अंगाला, छातीखाली कातडी सोलवटून निघायची. खांद्याला बोट बसेल एवढी खाच.

मग एका मे महिन्यात नणंदेची मुलगी मुंबईहून आलेली, माझ्याकडे ब्लाऊज टाकताना म्हणाली, मामी, तुमच्या स्वतःच्या ब्लाऊजचे टक्स एवढे खाली का? मला ते फार लागलं. रात्री दार लावून घेतलं आणि माझीच टेप स्वतःला लावली.

छातीच्या बरोब्बर खाली, बरगड्यांवर, श्वास सोडून, टेप घट्ट आणि मागून पण सरळ (आरशात बघा, मागे खाली घसरते): ३३. मग जिथे छाती सगळ्यात भरलेली तिथे, टेप नुसती टेकवून, आवळायची नाही: ३८. पट्टीचे नंबर सम असतात म्हणून ३३ चे ३४ धरले. ३८ मधून ३४ गेले, राहिले ४ इंच. या अंतरावरून कपाचं अक्षर ठरतं: १ इंचाला ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी. म्हणजे मी ३४ डी, आणि अंगात ३८ बी.

डी वाचून दचकू नका, मी पण दचकलेले. नुसत्या अक्षराला काही अर्थ नाही. ३८ बी, ३६ सी, ३४ डी या तिन्हींच्या कपात जागा सारखीच असते, फरक फक्त पट्टीत. म्हणजे माझा कप ठीकच होता, पट्टी ४ इंच सैल होती, आणि वजन उचलायचं काम पट्टीचं असतं, ते बिचारे खांदे करत होते. तुमचंही बहुतेक हेच. आणि ते खालच्या मापात ४-५ इंच मिळवायचं जुनं गणित कोणी सांगितलं तर ऐकू नका, माझ्या ३३ मध्ये ५ मिळवले तर ३८, छाती पण ३८, अंतर शून्य! असं कुठे असतं का?

जाऊबाईंचं म्हणणं, घट्ट घातल्याने गाठी होतात. नाही होत. ब्राने कॅन्सर होतो याला काडीचा पुरावा नाही. आणि बाईमाणसाच्या अंगाला टेप कशाला म्हणतात, पण ब्लाऊजच्या मापाला माझ्यासमोर हात वर करून उभ्या राहतात तेव्हा ती टेपच असते ना? गेल्या खेपेला मी खालचं माप पण घेतलं त्यांचं, ३६ आलं, तोंडावर सांगितलं. नाही ऐकलं. धाकटीने ऐकलं, ती आता ३२ घालते आणि दिवसातून दहा वेळा खांद्यावरचा पट्टा वर ओढायची ते बंद झालंय.

नवीन ब्रा सगळ्यात बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, इलास्टिक सैल पडत जातं तसं आत यायचं. पट्टीखाली दोन बोटं जावीत, मूठ नाही.

हां, एक राहिलं, पाळीच्या आधीच्या दिवसांत माप घेऊ नका, तेव्हा सूज असते. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर मोठीचं धरा. छाती जड असेल तर वरचं माप थोडं पुढे वाकून पण घेऊन बघा. टेप जुनी असेल तर आधी फूटपट्टीशी ताडून घ्या, ताणलेली टेप कमी दाखवते. कंपनीगणिक थोडाफार फरक पडतोच, तेव्हा पहिल्यांदा एकच घ्या, डझन नको. आणि हाताला गाठ लागली तर नंबर बदलत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.

तुमचे दोन्ही आकडे खाली लिहा, वरचं आणि खालचं. सांगते.